एकोणिसावा रकाना

"सातवी प्रत. आमच्या लग्नात काढले नाहीत एवढे फोटो ह्या तीन देशांनी मागवले. दर प्रतीला माणसाचा चेहरा बदलतो की काय?"

धाकटी हे मटारांना सांगत होती. बोटं शेंगेत, नजर वाडग्यात, आणि आवाज असा बेतलेला की शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या जावेला नीट ऐकू जावा, पण उत्तर देणं भाग पडू नये. तीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये काढून तिनं हा आवाज कमावला होता. वहिनीनं बटाट्याची सालं काढता काढता ऐकलं, आणि 'चेहरा' ह्या शब्दाशी तिची सुरी जराशी अडखळली.

घरात तिला सगळे वहिनीच म्हणत. दीर म्हणायचा म्हणून लेकीनं उचललं, लेकीचं ऐकून शेजाऱ्यांनी. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात तिनं सव्वीस वर्षं चादरींना इस्त्री केली, तिथला मुकादमसुद्धा शेवटी शेवटी वहिनी म्हणायला लागला होता. आपल्याला आई म्हणणारं कुणीच नाही ह्याचं तिला पूर्वी वाईट वाटे. आता त्यावर ती विनोद करी.

"ताई, मीठ मी घालते," धाकटी आता मोठ्यानं म्हणाली. "तुमच्या हाताला आज अंदाज नाही."

म्हणजे हिच्या लक्षात आलंय, वहिनीच्या मनात आलं. घराच्या वाटणीत आरशाच्या कपाटावरून दोघींचं जे बिनसलं होतं, त्यानंतर बारा वर्षांत मीठ घालायचा हक्क धाकटीनं पहिल्यांदाच मागितला होता. वहिनीनं बरणी तिच्याकडे सरकवली.

बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर फॉर्म मांडलेला होता. बारा पानी, फिकट हिरवा. रविवारच्या दुपारचं ऊन थेट त्यावर पडलं होतं. एका बाजूला लेक, चष्मा कपाळावर आणि पेन हातात. समोर भाऊजी, म्हणजे वहिनीचे दीर, सकाळीच गुळगुळीत दाढी करून बसलेले. फोटोग्राफर घरी येणार असावा असे. आणि दादा, वहिनीचे यजमान, बाल्कनीत खुर्ची उलटी करून तिचा पाय आवळत होते. अवघड प्रसंग आला की दादांना घरातलं काहीतरी सैल झालेलं सापडायचं. सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांनी तीन बिजागऱ्या बसवल्या होत्या.

"चार नंबर," भाऊजी म्हणाले, "टोकन न घेता बसलो तर चालेल ना?"

लेक पेन्शन ऑफिसात खिडकी नंबर चारवर होती. परदेशात काम करून आलेल्या माणसांची खिडकी. म्हणून काकांनी तिचं नाव ठेवलं होतं चार नंबर.

"घरी टोकन लागत नाही, काका. आणि मी फक्त भरायला मदत करतेय. नात्यातला अर्ज मला हाताळता येत नाही. उद्या हा पाच नंबरवाल्या बाईंकडे जाणार आहे."

"त्या हसतात का?"

"पगारवाढीला हसल्या होत्या."

भाऊजी खदखदून हसले आणि हसता हसता खोकायला लागले. छातीतून शिट्टीसारखा आवाज आला. स्वयंपाकघरात धाकटीचा हात वाडग्यातच थांबला. खोकला थांबेपर्यंत तिनं एकही शेंग सोलली नाही.

पुढे काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं, कारण भाऊजींची जुनी निळी बॅग कपाटावरून खाली काढून आठ दिवस पॅसेजमध्ये ठेवलेली होती आणि घरातली सगळी माणसं तिला वळसा घालून जात होती. बोगद्याच्या देशातून जुन्या मुकादमाचा फोन आला होता. दोन वर्षांचं काम. 'नुसतं उभं राहायचं, पोरांवर नजर ठेवायची.' बोगद्यातली हवा मात्र नुसतं उभ्या राहणाऱ्यालाही तीच मिळते, हे सांगायचं मुकादमानं टाळलं होतं. भाऊजींना एकसष्टावं लागलं होतं. तिसऱ्या पायरीवर दम लागत होता. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं आणि धाकटीनं त्यांच्या खिशातून वाचलं होतं. पेन्शन मंजूर झाली तर ती बॅग परत वर जाणार होती. नाहीतर येत्या शनिवारी विमानात.

ह्या घरात देशांना त्यांच्या नावांनी कुणी हाक मारत नसे. बोगद्याचा देश, गोदीचा देश, आणि तिसरा आपला तो नुसता 'इथं'. जिथं जे काम केलं ते त्या देशाचं नाव. सासूबाईंना नकाशा वाचता येत नव्हता, पण कुठल्या देशात आपल्या मुलाचे हात कशानं भाजले ते त्यांना तोंडपाठ होतं. धाकटा सारखा कुठून तरी येऊन कुठे तरी निघालेला असायचा, म्हणून त्यांनीच त्याला पाहुणा म्हणायला सुरुवात केली होती.

आणि पाहुण्याची अडचण अशी की तो कुठेच पुरेसा राहत नाही. प्रत्येक देश म्हणे, आमच्याकडे पंधरा वर्षं वर्गणी भरलीत का? नाही? मग या आता. आयुष्यभर राबलेला माणूस तीन दारांतून तीनदा रिकाम्या हातानं बाहेर. गेल्या वर्षी ह्या तिन्ही देशांनी एकत्र बसून करार केला, तेव्हा लेक ऑफिसातून पेढे मिळाल्यासारखा चेहरा घेऊन घरी आली होती. सगळीकडची वर्षं एकत्र मिळवायची. पंधरा भरली की झालं. मग ज्यानं त्यानं आपापल्या वर्षांपुरता वाटा द्यायचा.

"बोगदा?" लेकीनं विचारलं.

"सहा वर्षं. त्यात सूर्य किती दिवस पाहिला ते लिहायला जागा आहे का?"

"नाही. गोदी?"

"तीन."

ह्या 'तीन'ला बाल्कनीतला पाना खुर्चीवरून निसटून फरशीवर आपटला.

"इथं?"

"पाच. गोदामाच्या फाटकावरची धरून. बाकीची वर्षं ठेकेदारांनी कागदावर आणलीच नाहीत, ती काय माझ्या गुडघ्यांत आहेत. गुडघ्याचा एक्स-रे जोडू का?"

लेक हसली नाही. "चौदा झाली, काका."

"माहितीये मला. मीही बेरीज शिकलोय."

"एक वर्ष कमी पडतंय."

"मग काय, पाच नंबरवाल्या बाईंना सांगू, उरलेलं एक उधार धरा."

वहिनी हात पुसत दारात येऊन उभी राहिली. भाऊजींनी तिच्याकडे पाहून डोळे मिचकावले. बावीस वर्षांचे असताना मिचकावायचे तसेच. तिला ते बघवेना.

कारण गोदीतली वर्षं तीन नव्हती. सात होती.

अडतीस वर्षांपूर्वी गोदीचं पत्र आलं ते दादांच्या नावावर. वहिनीला तेव्हा सातवा महिना. आधीचं एक पोटातच गेलेलं, आणि डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही म्हणून दम दिलेला. दहा दिवसांत हजर झालं नाही तर पत्र रद्द. दादा बॅग भरायला उठले तेव्हा वहिनीनं त्यांचं मनगट धरलं. काही बोलली नाही. नुसतं धरून ठेवलं, सकाळपर्यंत. सकाळी दादांनी बॅग धाकट्या भावासमोर ठेवली. तेच नाक, तेच कपाळ. मिशी तेवढी कमी होती, ती प्रवासात वाढली. दोघांनीही वेल्डिंग एकाच उस्तादाकडे शिकलेलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, वेल्डरचं तोंड कोण बघतो? काच तर खाली असते.

चार वर्षं भाऊजींनी थोरल्या भावाच्या नावानं हजेरी दिली. घरून जाणारी पत्रंसुद्धा त्याच नावानं. मग ते परतले आणि तीच कागदपत्रं घेऊन दादा गेले. अकरा वर्षं गोदीत राबले. भाऊजींची स्वतःच्या नावावरची तीन वर्षं नंतरची. गोदीच्या वहीत दादांची पंधरा वर्षं लागली, पूर्ण पेन्शन बसली, आणि दर महिन्याला ती न चुकता येत होती. घरात त्या चार वर्षांना 'मधली वर्षं' म्हणत. मधल्या वर्षांबद्दल कुणी काही विचारत नसे, आणि कुणी विचारत नाही हे कुणाच्या लक्षातही येत नसे.

"पुढचं," लेक म्हणाली. पान उलटलं. ती थांबली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, आणि खिडकीवरच्या आवाजात वाचलं, "रकाना एकोणीस. अर्जदारानं वरीलपैकी कोणत्याही देशात स्वतःच्या नावाव्यतिरिक्त दुसऱ्या नावानं काम केलं आहे काय? असल्यास कालावधी आणि त्या व्यक्तीचं नाव."

असंही विचारतात? वहिनीला वाटलं, ज्यानं हा फॉर्म तयार केला त्याच्याही घरी कुणीतरी गोदीत गेलेलं असणार.

"नाही," भाऊजी म्हणाले. इतक्या चटकन की ते उत्तर आधीपासून तोंडात ठेवलेलं असावं. "लिही, नाही. पुढचं वाच."

लेकीनं लिहिलं नाही. पेनाला टोपण लावलं, आणि पेन टेबलावरून काकांकडे सरकवलं.

"तुम्ही लिहा."

"का? तुझं अक्षर चांगलं आहे."

"माझं अक्षर चांगलं आहे म्हणूनच नाही लिहिणार. खाली सही तुमची आहे, काका. वर जे लिहिलंय ते खरं आहे म्हणून."

"बघ बाई, सरकारी नोकरीची माणसं!" भाऊजी हसले, पण हसू अर्ध्यावरच संपलं. "अगं, एक वर्ष कमी पडतंय ना? पडू दे. मी जाऊन येतो दोन वर्षं. आल्यावर सोळा होतील. सोपं."

"आल्यावर!" स्वयंपाकघरातून धाकटी बाहेर आली. हातात मटारांचं वाडगं तसंच. "आल्यावर म्हणे. आणि नाही आलात तर? तेव्हा कुठला रकाना भरू मी?"

"तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्ये नाहीच पडले. तीस वर्षं बाजूलाच उभी आहे. तुम्ही इथं असता तेव्हा तुमच्या बाजूला, नसता तेव्हा तुमच्या फोटोच्या बाजूला." मग ती अचानक वहिनीकडे वळली. "ताई, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

बारा वर्षांत ही दुसरी गोष्ट तिनं मागितली होती. आधी मीठ, आता हे.  वहिनी म्हणाली, "भाऊजी, छातीचं तरी बघा," आणि एवढंच म्हणाली म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

लेक दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिनं फॉर्म उपडा करून ठेवला.

"तुम्हाला एक गंमत सांगू? ऑफिसातली आहे, पण घरचीच म्हणा. ह्या महिन्यात माझ्याकडे तीन माणसं आली. तिघांनाही स्वतःचं काही विचारायचं नव्हतं. एका बाईंनी फोन केला. त्यांच्या कँटीनमधल्या कुणा एकीच्या नवऱ्यानं म्हणे दुसऱ्याच्या कागदांवर काम केलं होतं. आता काय करावं?"

धाकटीनं वाडगं टेबलावर ठेवलं.

"दुसऱ्या बाईंनी भांडी घासता घासता विचारलं. हॉस्पिटलात त्यांच्याबरोबर इस्त्रीला असलेल्या एका बाईंची गोष्ट म्हणे."

वहिनी दाराच्या चौकटीला टेकली. तिनं तर ते किती सहज विचारलं होतं. मध्ये साबण संपल्याचं बोलून, नंतर हवेचं बोलून. धाकटीनं तिच्याकडे पाहिलं, तिनं धाकटीकडे. बारा वर्षं कपाटावरून धड न बोललेल्या दोन बायका एकाच खिडकीपाशी चोरून जाऊन आल्या होत्या.

"आणि तिसरे?" भाऊजींनी विचारलं. आवाज खाली गेला होता.

"तिसरे टोकन घेऊन आले. एकशे सात नंबर. पाऊण तास बाकावर बसले. मी आत या म्हणून खूण केली तर ओळख दाखवेनात. नंबर लागल्यावर खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, मॅडम, माझा एक मित्र आहे." लेकीनं चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. "मॅडम म्हणाले मला."

 बाल्कनीत दादांची पाठ तेवढी दिसत होती, आणि उलट्या खुर्चीचे चार पाय.

"मग," दादा पाठमोरेच म्हणाले, "काय सांगितलंस त्या मित्राला?"

"तुम्हाला आठवतंय की."

"तेव्हा नीट ऐकू आलं नाही. गर्दी होती."

"पुन्हा सांगते. गोदीच्या देशाला माहीत आहे की त्या काळात असं पुष्कळांनी केलं. करारात दोन वर्षांची मुदत दिलीय. घरच्यांनी आपणहून येऊन सांगितलं तर ती चुकीची दुरुस्ती. फसवणूक नाही. ज्याच्या नावावर वर्षं आहेत त्यानं एक जबाब लिहून द्यायचा, आणि ज्यानं राबून काढली त्यानं एक. वर्षं एकाच्या वहीतून निघतात, दुसऱ्याच्या वहीत जातात."

"आणि ज्याच्या वहीतून निघतात, त्याची पेन्शन बंद."

"नाही, दादा. करार त्यालाही लागू आहे. गोदीतली उरलेली अकरा आणि इथली चौदा धरून त्याची पंधरा केव्हाच भरतात. थोडी कमी होते, बंद होत नाही. आधी जास्तीची गेलेली हळूहळू वळती करून घेतात. मी तीनदा तपासलं. मग पाच नंबरवाल्या बाईंनाही विचारलं. माझ्या एका मैत्रिणीचं म्हणून."

ह्यावर भाऊजींच्या तोंडून खोकला आणि हसू एकदमच निघालं. "तूही?"

"मीही. ह्या घरची आहे ना."

"त्या मित्राला," दादांनी विचारलं, "तुरुंग तर नाही ना होत?"

"नाही. पण गप्प बसला, आणि पुढे कुणी उकरून काढलं, तर मात्र दोघांचंही जाईल." मग ती हळूच म्हणाली, "कुणीतरी कधीतरी उकरतंच. दादांची पेन्शन बसली तेव्हा गोदीचा आठवड्याआठवड्याचा उतारा माझ्याच टेबलावरून गेला. त्यात माझ्या जन्माचा आठवडा होता."

  त्या आठवड्यात उताऱ्याप्रमाणे दादा गोदीत सहा पाळ्या जहाजाच्या पोटात होते. आणि सूतिकागृहाच्या वहीत मुलीच्या वडलांची सही होती, त्यांच्या स्वतःच्या हातची, आनंदानं वाकडी झालेली. म्हणजे दादांची पेन्शन बसली तेव्हापासून, गेली आठ वर्षं, पोरीला ठाऊक होतं. वहिनीला वाटलं, आपण हिला दर रविवारी जेवायला वाढत होतो आणि ही गिळत होती, ते नुसतं जेवण नव्हतं.

दादा उठले. गुडघ्यांवर हात टेकून, सावकाश. खोलीत आले. भावाच्या बाजूची खुर्ची ओढून बसले आणि दोघं समोरासमोर न बघता शेजारी शेजारी बसून राहिले. तेच नाक, तेच कपाळ. आता मिश्याही सारख्याच पांढऱ्या.

"दादा, तू काही बोलू नकोस," भाऊजी घाईघाईनं म्हणाले. "मी तेव्हा माझ्या मर्जीनं गेलो होतो. मला कुणी ढकललं नव्हतं. बावीसचा होतो, मला जहाजं बघायची होती. बघितली. संपलं. आता ह्या वयात तुझ्या ताटातलं काढून मी…"

"माझ्या ताटातलं?" दादा म्हणाले. त्यांना पुढे काही म्हणायचं होतं. ओठ हलले. हात टेबलावर आला, पेनाला लागला, पुन्हा मांडीवर गेला. अकरा वर्षं लोखंड जोडणाऱ्या माणसाला एक वाक्य जोडता येईना.

वहिनीला कळलं, त्यांना ते कधीच म्हणता येणार नाही. भित्रे होते म्हणून नव्हे. ते म्हणायचं तर मागोमाग आणखी एक म्हणावं लागेल, मी का गेलो नाही ते. आणि ते त्यांनी अडतीस वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, भावाला नाही. भावाला वाटत होतं दादाला ताप आला होता. सासूबाई मरेपर्यंत म्हणत राहिल्या की थोरला जरा कच्च्या दिलाचा. दादांनी ते ऐकून घेतलं. दरवेळी ऐकून घेतलं आणि एखादी बिजागरी आवळली.

आता ती जे सांगेल त्यानं महिन्याकाठी तिच्या घरात थोडं कमी येणार होतं. तिनं त्याचा विचार केला, खरंच केला, मिनिटभर. औषधं आठवली, विजेचं बिल आठवलं. मग धाकटीकडे पाहिलं. धाकटी काही मागत नव्हती. पदर हातात गच्च धरून ती फक्त उभी होती, अडतीस वर्षांपूर्वी वहिनीनं मनगट धरलं होतं तितकाच गच्च. फरक एवढाच की वहिनीनं आपला माणूस ठेवून घेतला होता, आणि हिनं आपला दरवेळी जाऊ दिला होता.

वहिनी चौकटीपासून सुटली. टेबलापाशी आली. उपडा फॉर्म सुलटा केला, पेनाचं टोपण काढलं आणि पेन लेकीच्या हातात दिलं.

"वहिनी, नको," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, तुम्ही गप्प बसा. खूप वर्षं चांगले वागलात, आता पुरे." ती लेकीकडे वळली. "लिही गं. रकाना एकोणीस. हो. गोदीत, चार वर्षं. नाव ह्यांचं होतं, काम भाऊजींचं. ह्यांना तापबीप काही आला नव्हता. हे माझ्या उशाशी बसून होते, कारण मी ह्यांचा हात सोडला नाही. जायचं होतं ह्यांना. मी जाऊ दिलं नाही."